भीमथडी घोड्याच्या शोधात कवठ्यापर्यंत

वाईहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा कृष्णेवर धुकं होतं. कोरेगावच्या पुढे, कापणी झालेल्या रानात धनगरांचा तळ पडला होता. तिथे मला भीमथडी घोडे पाहायचे होते. भीमेच्या थडीवरची (काठावरची) ही जात. इथली काटक तट्टं आणि समुद्रमार्गे आलेले अरबी घोडे यांच्या संकरातून ती घडली, असं सांगतात. मराठ्यांच्या स्वाऱ्या हिच्याच पाठीवरून झाल्या. फौजा गेल्या, तेव्हा घोडा धनगरांनी सांभाळला. आता लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी शहरातले स्वार पुन्हा त्याला शोधू लागले आहेत.

तळावर ठकूबाईंची तांबडी घोडी उभी होती. बुटकी, रुंद छातीची. वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी), भांडी, कोंबड्या, दमलेलं कोकरू, सारं बिऱ्हाड तीच वाहते. ठकूबाईंनी माझ्यापुढे हुलग्याचं माडगं (पातळ पेज) ठेवलं, पण त्यांचं लक्ष घोडीकडे होतं. ती माजावर आली होती आणि तिच्या जातीचा घोडा जवळपास नव्हता.

"समदी उंच मारवाडी घोडा लावत्यात," त्या म्हणाल्या. "शिंगरू देखणं होतंय, पर वझं घेऊन घाट चढत न्हाई. कवठ्याला एका हवालदाराकडं आपल्या जातीचा हाय. येताय का ताई?"

नवऱ्याला मेंढरांपाशी ठेवून त्या घोडीबरोबर पिकअपच्या हौद्यात चढल्या. मीही चढले. विट्याच्या पुढे चालकाने अचानक ब्रेक दाबला आणि घोडी गुडघ्यांवर आली. ठकूबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि तासगाव येईपर्यंत सोडलं नाही. पुढे ऊस संपला, द्राक्षबागा लागल्या, मग कवठे महांकाळकडचं उघडं माळरान.

निवृत्त हवालदार कुबडी घेऊन दारात आले. फौजेत ते भरधाव घोड्यावरून जमिनीतला खुंट भाल्याने उचलायचा खेळ खेळत. घरी परतल्यावर हौसेनं हा घोडा घेतला. गेल्या उन्हाळ्यात तो त्यांच्यासकट कोसळला आणि त्यांचा पाय कायमचा गेला.

"उद्या डॉक्टर येतोय, खच्ची करायला," ते हळू आवाजात म्हणाले. "मंडळींनी ठरवलंय."

त्यांच्या पत्नी इंदूताई आतूनच म्हणाल्या, "त्याचं बियाणं सुदीक नको ह्या जगात. माघारी जावा."

ठकूबाई उंबऱ्याबाहेर बसल्या.

"माजा थोरला हिच्या आईवरनं पडूनच गेला, वैनी," त्या म्हणाल्या.

इंदूताई बाहेर आल्या. "मग ठेवली कशी तिला?"

"महिनाभर तोंड बघितलं न्हाई तिचं. मग चारा सपला, मेंढरं वरडाय लागली. पोराची कापडं तिच्याच पाठीवर लादली आन् निघालो."

इंदूताई तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी घोडा बांधलेल्या मागच्या गोठ्याची कडी स्वतःच्या हाताने काढली. घोडी फळवून आम्ही निघालो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "उद्याचं ठरलंय ते ठरलंय." ठकूबाईंनी मान हलवली.

कोरेगावला उतरून मी वाईची गाडी धरली. पाहायला गेले होते एक इतिहासातला घोडा. परत येताना मनात घोळत होत्या त्या दोन बायका. ज्या जनावराने घर मोडलं त्याच्याचबरोबर एकीला चालावं लागलं होतं. दुसरी त्याचा वंश संपवायला निघाली होती, आणि तिचंही मला चूक वाटत नव्हतं.

वर्ष होत आलं तेव्हा ठकूबाईंचा फोन आला. घोडी व्याली होती.

"नर हाय," त्या म्हणाल्या.

"इंदूताईंना कळवलं का?"

"त्या काल येऊन गेल्या की. हात न्हाई लावला त्याला. पर शिंगरू दूध पिऊन निजंपतुर हुब्या हुत्या."