बाबांचा पाय माझ्या मांडीवर

बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा मी मॅट्रिकला होतो. कापसाने भरलेली बैलबंडी खामगावच्या जिनिंग कारखान्याकडे नेताना उतारावर ते घसरले आणि चाक पायावरून गेलं. जखम चिघळत गेली. दवाखान्यात गुडघा तेवढा वाचला. घरात बैल हाकणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून मामा बंडीसकट बैलजोडी मोताळ्याला आपल्या घरी घेऊन गेला. बाबा दिवसभर बाजेवर बसून असत. पायाबद्दल ते फारसं बोलत नसत. मोताळ्याकडचं कोणी आलं की बैलांचंच विचारत. डावा बैल नीट खाते का, त्याच्यावर कोणी काठी तर उचलत नाही ना.

पुढच्या वर्षी मी नागपूरला कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे काय विचारायचं आणि कोणाला विचारायचं, हेसुद्धा मला कळत नसे. हॉस्टेलमधल्या एका मुलाकडून समजलं की एका दवाखान्यामागच्या शेडमध्ये एक डॉक्टर नकली पाय बनवतात. मी त्या शेडच्या दारापर्यंत जाई आणि परत फिरे. शेवटी एकदा डॉक्टरांनीच आतून हाक मारली. म्हणाले, "अरे, तुझे दोन्ही पाय तर शाबूत दिसताहेत. मग कोणासाठी रोज येतोस?"

डॉक्टर पुण्याकडचे. आधी ते इंजिनिअर झाले होते, काही वर्षं पुलांच्या कामावर होते, आणि मग पुन्हा पहिल्यापासून शिकून डॉक्टर झाले. आपल्या मुलाचं एकही काम धड पुरं झालं नाही असं आईला अजून वाटतं, असं ते हसत सांगत. शेडमध्ये एका बाजूला रोगी तपासायचं टेबल होतं आणि दुसऱ्या बाजूला लाकूड, चामडं, रंधे, कानशी. सकाळी ते जखम बघत आणि दुपारी त्याच हातांनी लाकूड घासत बसत. आमच्याकडे डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा आणि इंजिनिअर म्हणजे सडकेच्या कामावर जीपमधून येणारा. ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या हातात असू शकतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून वर्गात बसलो तरी माझं मन त्या शेडमध्ये असे.

सुटीत घरी जाऊन मी बाबांना घेऊन आलो. डॉक्टरांनी थोटा पाय हाताने दाबून पाहिला, प्लास्टरचा साचा घेतला, आणि या पायाने काय काय करायचं आहे ते विचारलं. बाबा म्हणाले की चालता आलं म्हंजे झालं.

"चालून जायचं कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बंडीपावतर."

मग ते बोलायला लागले. इतकं बोलताना मी त्यांना अपघातानंतर पाहिलं नव्हतं. बंडीच्या तोंडाशी बसायचं, कासरा सैल धरायचा, आणि बैलाच्या पुठ्ठ्याला पायाचा अंगठा लावायचा. काठीने डावा बैल बिचकतो. अंगठा कसा लागला यावरून त्याला कळतं की चालायचं, वळायचं की थांबायचं. डॉक्टर कान देऊन ऐकत होते. पुढे त्यांनी त्या पायाला रबराचा वेगळा अंगठा बसवला, मऊ, आणि पुन्हा पुन्हा घासून गोल केलेला. पाय घालून बाबा शेडमध्ये चालले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या गाडीवान. आता तुमच्या बैलालाच विचारू, जमलंय का."

दिवाळीत बाबा आणि मी मोताळ्याला बैल आणायला गेलो. बाजाराचा दिवस होता, मामाच्या दारावरून माणसं जात-येत होती. डाव्या बैलाने बाबांचा हात हुंगला, चाटला. मामाने बैल जुंपले, बाबा बंडीवर बसले आणि त्यांनी रबराचा अंगठा त्याच्या पुठ्ठ्याला लावला. बैल दचकला. मान वळवून मागे पाहत तो उभाच राहिला. बाबांनी पुन्हा लावला, तर तो आडवा सरकला.

मामा म्हणाला, "दाजी, मानूस बैलाच्या वळखीचा हाय, पाय पाहुना हाय."

लोक हसले. बाबाही हसले, पण कासऱ्यावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. मग मामानेच समजुतीने सांगितलं की बैल इथेच राहू द्या, मी हाय ना. मामा मनाचा वाईट नव्हता. पण बैल इथे राहिले तर बाबा पुन्हा बाजेवर, हे मला दिसत होतं. 

बाबांनी कासरा बाजूला ठेवला. धोतर वर घेऊन ते पायाचे पट्टे सोडवायला लागले. बकलं मागच्या बाजूला होती. बसल्या जागी तिथे हात पोचेना, आणि लोकांच्या देखत त्यांना फार वेळ लागला. अखेर पाय निघाला. "धर बाबू," म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. मग पुढे सरकून त्यांनी उघडा थोटा पाय बैलाच्या अंगाला टेकवला.

बैलाची कातडी थरथरली. एक कान मागे वळला. आणि त्याने जू ओढलं.

गाव मागे पडलं. मग बाबा पाठमोरेच म्हणाले, "वळखलं बे त्यानं."

मी मागे बसलो होतो. पाय माझ्या मांडीवर होता, आतून अजून बाबांच्या अंगाने कोमट. तो रबराचा अंगठा किती मन लावून घासला होता, ते पाहून मला डॉक्टरांसाठी वाईट वाटलं.

नागपूरला गेल्यावर मी त्यांना चाचरत सगळं सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे पाय बंडीपर्यंतच हवा होता. हे तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." आणि कागद पुढे ओढून त्यांनी मला विचारलं, बक्कल कुठे असावं? कॉलेजात आल्यापासून असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या वर बोट ठेवलं. पुढच्या सुटीनंतर मी पाय घेऊन आलो तेव्हा त्यांनी तिथेच एकच बक्कल बसवलं, एका हाताने सुटेल असं.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांची बदली झाली. शेडमध्ये आता जुन्या खाटा ठेवल्या आहेत. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि अजून तिकडून जाताना कानशीचा आवाज येतो का म्हणून थांबतो. इंजिनिअरिंग संपलं की पुन्हा पहिल्यापासून डॉक्टरी शिकावी, असं मनात आहे. हे घरी कसं सांगावं ते मला कळत नाही. घरच्यांनी माझी वाट आधीच पुष्कळ पाहिली आहे.

सुटीला आलो की बाबा खामगावच्या स्टेशनवर बंडी घेऊन उभे असतात. स्वतःच्या पायांनी चालत फलाटापर्यंत येतात आणि माझी वळकटी उचलू पाहतात. बंडीवर बसले की एका हाताने बक्कल सोडतात आणि मागे न पाहता पाय माझ्याकडे देतात. बैल चालू लागतात. त्या पायाच्या तोंडावर हात ठेवून मी बसतो, आतली ऊब निघून जाऊ नये म्हणून. घरी सांगायचं ते ओठापर्यंत येतं. मग बाबा विचारतात, "पाय धरला ना नीट?" मी 'हाव, धरला' म्हणतो.