काढून घेतलेलं नाटक

माझ्या मुलीला मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून मी एका म्हाताऱ्या बाईंचं नाटक काढून घेतलं. हे वाक्य असं सरळ लिहायला मला बराच वेळ लागला. आधी मी ते वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं. मंडळाने ठरवलं, नव्या पिढीला संधी दिली, काकूंचे गुडघे दुखत होते. मंडळाने काही ठरवलं नव्हतं. ठरवलं मी होतं, आणि मंडळाला हात वर करायला लावले होते.

आमच्या मंडळाच्या गणपतीत एक संध्याकाळ मुलांच्या मराठी नाटकाची असते. जबलपूरच्या आमच्या मुलांची भाषा शाळेत हिंदी, रस्त्यावर हिंदी, आणि घरी आईने मराठीत हाक मारली तरी 'आया मम्मी'. तेव्हा हे नाटक म्हणजे वर्षातून एकदा मराठी तोंडात घेण्याची वेळ. ते बसवायच्या शहराच्या गढा भागातल्या काकू. त्या कोणाच्याच सख्ख्या काकू नव्हत्या. रेल्वेतला नवरा वारल्यापासून एकट्या राहायच्या आणि आषाढ सरत आला की त्यांच्या व्हरांड्यात तालमी सुरू व्हायच्या.

त्यांचा एक नियम होता. ज्या मुलाचं मराठी सगळ्यात कच्चं, त्याला सगळ्यात मोठी भूमिका. नवीन माणसाला हे वेडेपणाचं वाटे. पण मोठी भूमिका मिळाली की सगळं घर कामाला लागायचं. आई भाकरी थापता थापता संवाद म्हणून घ्यायची, बाप चुका काढायचा, आजोबा फोनवरून उच्चार सांगायचे. महिनाभर त्या घरात मराठी नांदायचं. नाटक मात्र दरवर्षी अडखळतच व्हायचं. राजा मध्येच हिंदीत शिरायचा, प्रधान त्याला कोपराने ढोसायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. काकू पडद्याआडून शांतपणे पुढचं वाक्य द्यायच्या.

माझी मुलगी पाचवीत असताना राजा झाली होती, म्हणजे त्या वर्षी तिचं मराठी सगळ्यात वाईट होतं. तो महिना मला अजून आठवतो. अधारतालच्या आमच्या दोन खोल्यांत ती जेवायला बसली की हुकूम सोडायची, "प्रधानजी, भात वाढा," आणि मी वाढायचो. त्यानंतर ती माझ्याशी मराठीतच बोलू लागली. हे काकूंमुळे झालं हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी पुढचं सगळं केलं.

ती अकरावीत गेली आणि माझ्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा दिल्लीकडच्या एका खासगी विद्यापीठात लागला. तिथे नुसते गुण चालत नाहीत, मुलाखत होते, मूल अभ्यासाशिवाय काय करतं ते बघतात, असं तो सांगत होता. मी मुलीला घेऊन मदन महालला एका मार्गदर्शन करणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी गुणपत्रिका पाहिली न पाहिली आणि बाजूला ठेवली.

"नंबर तो सबके आते हैं, सर," ते म्हणाले. "बच्ची और क्या करती है?"

मी मुलीकडे पाहिलं. ती पंख्याकडे पाहत होती. संध्याकाळी ती गच्चीवर पालथी पडून पुस्तक वाचायची, आईला चिडवायची, शेजारच्या मांजरीला दूध घालायची. यातलं काय सांगणार? मी म्हटलं, बहुत कुछ करती है. आणि घरी आल्यावर ते बहुत कुछ उभं करायच्या मागे लागलो.

मी स्वतः जबलपूरच्या बाहेर कधी पडलो नाही. बारावीनंतर वडील म्हणाले, कारखान्यात जागा निघाली आहे, अर्ज कर. मी केला आणि आत गेलो तो अजून आतच आहे. मुलीने आत राहू नये एवढंच मला हवं होतं. पण तिला बाहेर काढण्यासाठी मी तिच्याभोवती जे बांधत गेलो ते कारखान्याच्या भिंतीपेक्षा उंच होतं. सोमवारी वक्तृत्व, बुधवारी बुद्धिबळ, शनिवारी की-बोर्ड. रविवारी सकाळी वस्तीतल्या मुलांना शिकवणं. तिथे ती शिकवायची आणि मी फोटो काढायचो. एकदा एक लहान मुलगी उठून मला म्हणाली, "भैया, फोटो हो गई? अब जाएँ?" बाकीची मुलं हसली. माझी मुलगी हसली नाही. गच्ची बंद झाली. मांजर काही दिवस दारात येऊन बसायची, मग तीही यायची थांबली.

तरी मार्गदर्शकांचं समाधान होईना. सगळं थोडं थोडं आहे, म्हणाले, पण तिने कुठे पुढाकार घेतल्याचं दिसत नाही. चार मुलांना घेऊन काहीतरी उभं केल्याचं दिसलं पाहिजे. तेव्हा मला नाटक आठवलं. ती तेव्हा बारावीत गेली होती, आणि मी त्या वर्षी मंडळाचा कार्यवाह होतो.

बैठकीत मी म्हणालो की काकूंनी फार केलं, आता त्यांना विश्रांती देऊ, तरुणांना पुढे आणू. कोणत्या तरुणांना, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं, आणि प्रत्येकाच्या घरात एक तरुण होता. हात वर झाले. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे खरंच दुखून राहिले." चहा न घेता त्या निघाल्या.

मुलीला मी घरी आल्यावर सांगितलं. यंदाचं नाटक तिने बसवायचं होतं.

"मी नाही म्हटलं तर?"

"आता नाही म्हणता येत नाही बेटा. ठराव झाला."

ते खरंही होतं. ठराव मागे घ्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते मी कोणालाच सांगू शकत नव्हतो. माझ्याच हाताने लावलेल्या कडीच्या आत आम्ही दोघंही होतो.

तालमी मंडळाच्या सभागृहात झाल्या. तिने पहिल्याच दिवशी काकूंसारखी निवड केली. शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणारी एक बारीकशी मुलगी होती, आई हिंदी, बाप मराठी. तिला एक वाक्य धड म्हणता येत नव्हतं. तिलाच माझ्या मुलीने राणी केलं. मी मध्ये पडलो. नाटकाचं चित्रीकरण करून विद्यापीठाला पाठवायचं होतं. बघणारी माणसं काय म्हणतील, दिग्दर्शन जमलं नाही म्हणतील. मी सांगितलं, जिचं मराठी स्वच्छ आहे तिला घे. मुलगी म्हणाली, बाबा, असं नसतं ना इथे. मी म्हणालो, या वर्षी असंच.

नाटक अप्रतिम झालं. कोणी अडखळलं नाही. टाळ्या पडल्या, पण कोणी हसलं नाही. त्या बारीक मुलीने राणीच्या मागे उभं राहून चवरी ढाळली. काकू त्या संध्याकाळी आल्या नव्हत्या. मांडवात त्यांची नेहमीची खुर्ची कोणीतरी सवयीने मांडून ठेवली होती, ती तशीच राहिली.

हिवाळ्यात मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घरूनच, संगणकावर होती. आतल्या खोलीत मी टेबल लावलं, मागे पांढरी चादर टांगली, आणि स्वतः पलंगावर अशा जागी बसलो की मी पडद्यावर दिसणार नाही पण मुलीला दिसेन. हसायचं कधी, ताठ बसायचं कधी, ते मी हाताने सांगणार होतो. बायको म्हणाली, अहो, तिला एकटीला बसू द्या. मी दार लावून घेतलं.

सुरुवात छान झाली. मग एका बाईंनी नाटकाचं विचारलं. त्यांना नाटक आवडलं होतं. मुख्य भूमिकेसाठी मुलगी कशी निवडली, असं त्यांनी अगदी सहज विचारलं. मी अंगठा वर केला. याचं उत्तर आम्ही घोटून ठेवलं होतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने नजर वळवली आणि इंग्रजीत जे सांगितलं ते असं होतं: "मी निवडली नाही. जिला मी निवडलं होतं तिला काढायला सांगितलं गेलं. हे नाटक माझं नव्हतंच. माझ्या वडिलांनी ते दुसऱ्या कोणाकडून घेऊन मला दिलं."

मी पलंगावरून हात हलवत होतो, थांब, थांब. तिने पुन्हा माझ्याकडे बघितलंच नाही. त्या बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले. मुलगी शांतपणे काकूंच्या नियमाबद्दल सांगत राहिली. इतकं मनापासून बोलताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

प्रवेश मिळाला नाही. तो त्या उत्तरामुळेच मिळाला नाही असं मी आज म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी तेच म्हणालो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिच्यावर ओरडलो, "एक वाक्य खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं?"

"बाबा, एकच नव्हतं ते," ती म्हणाली.

त्यानंतर तिने इथल्याच एका कॉलेजात नाव घातलं. भांडली नाही, रुसली नाही. फक्त माझ्याशी बोलताना हिंदीत बोलू लागली. "खाना लगा दूँ?" "जी, ठीक है." आईशी मराठी, माझ्याशी हिंदी. दोन खोल्यांच्या घरात हे सारखं कानावर पडायचं. कारखान्यातून घरी यायला मला उशीर होऊ लागला. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने स्कूटर घ्यायचो.

पुन्हा आषाढ आला. बैठकीच्या आधी मी गढ्यात काकूंकडे गेलो. व्हरांड्यात त्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं की नाटक मी काढून घेतलं, पोरीच्या प्रवेशासाठी घेतलं, माझं चुकलं.

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "तुझी पोरगी ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून गेली होती. रडून राहिली होती बिचारी. मीच म्हटलं, कर तू, बापाला तोंडावर पाडू नको."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. काकूंनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. मीही सोलू लागलो.

"राग तर आहेच माझा," त्या म्हणाल्या. "नाटक नेलं त्याचा नाही. त्या लहानीला चवरी धरायला उभं केलंस, त्याचा. तिचा बाप आता म्हणते, मराठी तिला जमतच नाही. यंदा ती राणी. मंजूर असेल तर मी करते."

मी मंजूर म्हटलं. बैठकीतही सगळं सांगतो म्हटलं, आणि नंतर सांगितलंही. मी निघालो तशी त्यांनी हाक मारली.

"काय रे, माझ्याकडे आला ते बरं केलं. पण घरी मागितली का माफी?"

मी स्कूटर सुरू केली. त्यांनी पुढे विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा मुलगी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी जिना चढून गेलो. "कुछ चाहिए?" तिने विचारलं. मी दोरीवरची चादर उतरवली. तीच पांढरी चादर होती. तिची दोन टोकं तिने धरली, दोन मी धरली. घडी घालता घालता मी बोललो, कारण हात रिकामे असते तर मला बोलता आलं नसतं.

"त्या दिवशी तू खरं बोललीस आणि मी तुझ्यावर ओरडलो. माझं चुकलं. तू न मागितलेली गोष्ट मी काकूंच्या हातातून काढली आणि तुला धरायला लावली. वर्षभर तू ती धरून उभी होतीस. माफ कर बेटा मला."