पिल्लाचं गोल पोट

कुत्र्याचं पिल्लू घरी येऊन चौथा दिवस होता. आमच्या ह्या हिंदीभाषिक शहरातल्या फूलबागेजवळच्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेलं, तपकिरी, दीड महिन्याचं. दुकानदाराने त्याला उताणं करून पोट दाखवलं होतं. "देखिए मॅडम, कैसा गोल-मटोल है! दवा-टीका सब हो गया." औषध, लस सगळं झालंय म्हणे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने त्याला उचललं ते घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही. ती त्याचे मुके घ्यायची, आम्ही फोटो काढायचो.

त्या सकाळी मी पोळ्या करत होते. अंगणातून मुलगी ओरडली, "आई, जल्दी ये! ह्याने शेवया ओकल्यात!"

शेवया कोणी खायला घातल्या, म्हणून मी चिडूनच गेले. फरशीवर पिवळट पाण्यात पांढरा गुंता पडला होता. मी वाकले, तर त्यातली एक शेवई हळूच सुटी झाली आणि वेटोळं घालू लागली. मग दुसरी.

"आई, ये तो हिल रही हैं."

शेवया नव्हत्याच, जंत होते. वीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. हा जंत दरवर्षी फळ्यावर काढते, बरणीतला नमुना मुलांना दाखवते. आणि तेच पोट मी चार दिवस कौतुकाने कुरवाळत होते!

जनावरांच्या डॉक्टर सुदैवाने मराठीच निघाल्या. त्यांनी पिल्लाच्या फिकट हिरड्या पाहिल्या, माझा हात धरून त्याच्या पाठीवर फिरवला. केसांखाली नुसती हाडं लागली.

"हे बाळसं नाही, जंतांनी फुगलंय पोट. पिल्लांना आईच्या पोटातच लागण होते. दुकानात औषध दिलेलंच नाही." मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "ही त्याच्याशी खेळते? हिलाही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. माणसांनाही लागण होऊ शकते."

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मुलीला तपासून आणलं, तिला काही झालेलं नव्हतं. पिल्लाला औषध पाजलं, पुढचे दोन दिवस जंत पडतच राहिले. पोट उतरलं, तेव्हा पिल्लू मुठीएवढं दिसू लागलं, पण बशीतलं सगळं चाटून पुसून खायला लागलं.

मी दुकान गाठलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ये तो सब में होते हैं, मॅडम."

"तो दवा क्यों नहीं दी?"

"दवा से पेट पिचक जाता है. फिर पिल्ला कौन लेगा?"

त्याला माहीत होतं! मागच्या पिंजऱ्यात पाच पिल्लं एकमेकांवर लोळत होती.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन पुन्हा दुकानात गेले. तक्रार करू म्हटल्यावर तो कुरकुरत बाजूला झाला, आणि आम्ही दोघींनी एकेका पिल्लाचा जबडा उघडून पाचही जणांना औषध पाजलं.