पडवीतलं शास्त्र

पहाटे ओट्यावर मांडी घालून मोठमोठ्यानं पवित्र शास्त्र वाचणारा पुरुष दिसला, की मला आजही मळमळतं. शास्त्राचं मला वावडं नाही. मी ख्रिस्ती आहे, मास्तरीण होते, शेकडो पोरांकडून मी वचनं पाठ करून घेतली. मळमळतं ते दुसऱ्याच कारणानं. आत जातं घरघरत असतं, पोर किंचाळत असतं, ओली काटकी धुमसत असते, आणि बाहेर बसलेला भक्त अध्याय संपला की हाक मारतो, "चहा झाला का गं?" आमच्या घरी हा भक्त म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, आमोस मास्तर, आणि जात्यावर बसलेली ती माझी वहिनी, दया.

लढाईचे दिवस होते. आमचं गाव सुप्यापासून दोन कोस आत, माळावर. दादा तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होता. मी नगरला मास्तरणीचं शिक्षण घेत होते आणि सुट्टीत घरी यायचे. वडील वारले होते. घरात दादा, वहिनी, त्यांची चार पोरं आणि आमची आई लंकाबाई.

वहिनी कोपरगावकडची, गोदाकाठची. उंच, हडकुळी, मनगटांवर तव्याचे चटके. बोलायची कमी, हसली की नाक फेंदारायचं. दळण, पाणी, भाकऱ्या, शेण, धुणी, पोरं, आणि वर मास्तरांचं घर म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक उपदेशकाचं जेवण. त्यांना झोपायला घोंगडी द्यायची, सकाळी आंघोळीला पाणी तापवून द्यायचं. मग ते पोट भरल्यावर ओसरीत बसून म्हणायचे, "ताई, शास्त्राला वेळ देता ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. वहिनी "व्हय जी" म्हणून खरकटं उचलायची.

आणि तिला शास्त्र वाचायचं होतं, हीच तर खरी गोम. आदल्या वर्षी तिचा सत्यवान तापानं गेला, तीन वर्षांचा. दफनाला जमलेला जो तो तिला म्हणाला, "ईयोबासारखा धीर धर." दादाही म्हणाला. मिशनचे पाळकसाहेबही म्हणाले. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. शास्त्रातल्या ईयोबाची गुरंढोरं, लेकरं सगळं जातं आणि तरी तो देवाला सोडत नाही, एवढं तिला ऐकून माहीत होतं, पण त्याचं पुस्तक तिनं कधी सबंध वाचलं नव्हतं. "सगळी म्हनत्यात धीर धर," ती मला म्हणाली, "म्हनून म्हटलं, बघावं तरी त्या मानसाला नेमकं झालं काय हुतं." लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत बक्षीस मिळालेलं तिचं स्वतःचं एक लहानसं शास्त्र होतं, कडा कसरीनं खाल्लेल्या. दादाच्या मोठ्या शास्त्राला हात लावायची सोय नव्हती. पिठाचे हात लागतात म्हणे.

पण वाचायचं कधी? दिवस तर असा गेलेला, आणि रात्री घासलेट नाही. कंट्रोलवर मिळायचं ते बाटलीच्या तळाशी, आणि ते दादाच्या शाळेच्या कागदांना लागायचं. मला वाटलं, ती वाचतच नसणार. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला खरं कळलं, आणि कळलं ते कसल्या जागी!

आमच्या घरात बायका बाजूला बसत. होय, ख्रिस्ती घरात. माझी आजी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबली. तिला बाजूला बसून चाललं नसतं, ती महिनाभर खुरपत असायची. पण वडील मास्तर झाले आणि आईला कुलकर्ण्याच्या वाड्यात जायला-यायला मिळालं. त्यांच्या बायका चार दिवस कशाला शिवत नाहीत, हे तिनं पाहिलं आणि ते तिला फार मानाचं वाटलं. ख्रिस्त वडिलांनी घेतला होता, घरंदाजपणा आईनं कुलकर्ण्याकडून उचलून आणला. गोठ्याला लागून एक पडवी होती, अर्ध्या भिंतीची, बिनदाराची. तिथं गोणपाट, एक वाकळ, एक वेगळी जर्मनची ताटली. म्हशीचं मूत भिंतीखालून झिरपायचं. गोमाश्या चावायच्या. भाकरी वरून टाकायची, भिकाऱ्याला टाकतात तशी. चार दिवस आई स्वतः रांधायची आणि कुरकुरायची, पण गावात सांगताना तिची मान ताठ असायची.

मी एका दुपारी मुद्दाम पडवीत शिरले. वहिनी कडब्याच्या पेंढीला टेकून वाचत बसली होती. माश्या हाकलत होती आणि वाचत होती.

"वहिनी, तुम्हाला ह्या घाणीत बसायची लाज नाही वाटत?" मी फणकारले. "हे अज्ञान आहे. पाप आहे."

"हाय ना," ती म्हणाली. "पर वन्सं, हितं मला कुनी हाक मारत न्हाई."

आई हाक मारत नव्हती, कारण तिला शिवायचं नव्हतं. दादा तर तिकडे बघतही नसे. पोरांना आजी धपाटे घालून लांब ठेवायची. घरानं तिला घाण ठरवलं, म्हणून तिला वेळ मिळाला होता, आणि तोही महिन्यातून चारच दिवस. पोटुशी राहिली की तेही बंद. मूल अंगावर पीत असलं तरी बहुधा बंद. अशी ती वर्षभर ईयोब वाचत होती, तुकड्या-तुकड्यानं, मागचं विसरत, पुन्हा मागं जात.

"कुठवर आलात?" मी विचारलं.

"त्याचे दोस्त त्याला शानपना शिकवत्यात, तितवर. लई बोलत्यात मेले." नाक फेंदारून ती हसली. "मला त्यांचं काय न्हाई. मला त्याच्या बायकूचं बघायचं हाय. धा लेकरं गेली ती तिचीबी हुती की. एकदाच तोंड उघडलं बिचारीनं, तर त्यानं तिला गप केलं. म्होरं तिचं काय हुतंय, तेवढं बघायचं हाय."

दिवाळीच्या सुमारास बाजरी निघाली की आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीचा सण व्हायचा. त्या वर्षी सणाला नगरहून मार्थाबाई आल्या. त्या बायकांत सुवार्ता सांगत गावोगाव फिरत. अंगानं भरलेल्या, हातात छत्री, बोलण्यात साखर. त्यांनी बायकांची वेगळी सभा भरवली आणि सांगितलं, की आई कितीही कामात असली तरी तिनं रोज पहाटे अर्धा तास एकांतात शास्त्र वाचलंच पाहिजे. मग एकेकीला उठवून विचारलं, तू वाचतेस का? बायका धडाधड खोटं बोलल्या. एकीला तर अक्षरओळख नव्हती, तिनंही रोजचा एक अध्याय ठोकून दिला. मार्थाबाई प्रत्येकीला "शाबास" म्हणत होत्या.

वहिनीची पाळी आली. खोटं बोलायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

"रोज न्हाई जमत," ती म्हणाली. "महिन्यातनं चार दिस वाचते."

"चारच? आणि ते कोणते गं?"

वहिनीनं सांगितलं. सरळ, घरात भाजी काय केली ते सांगावं तसं.

शेजारी बसलेली बनुबाई, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचाची बायको, तिनं पदर नाकाला लावला. "अगं बया! तसल्यात शास्त्राला हात लावतीस? त्याच हातानं?" चटया मागं सरकल्या. वहिनीच्या दोन्ही बाजूंना जागा झाली. आत्ताच ह्या बायकांनी प्रभूच्या रक्तानं शुद्ध झाल्याचं गीत म्हटलं होतं, खड्या आवाजात.

बातमी पुरुषांत गेली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यावरच उपदेश केला, आणि उपदेश चांगला होता, हे सांगितलंच पाहिजे. शास्त्रातली ती बारा वर्षं रक्त जाणारी बाई गर्दीतून आली आणि प्रभूच्या वस्त्राला शिवली. प्रभू मागं सरला का? नाही, तो तिला 'मुली' म्हणाला. मग आपल्या ख्रिस्ती घरांत हा विटाळ कुठून आला? दादाचं तोंड लालबुंद झालं. घरी येताच त्यानं जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात बाजूला बसणं बंद." पाळकसाहेब जेवायला आमच्याकडेच होते, त्यांनी त्याची पाठ थोपटली. आई तोंड फिरवून परसात गेली. मलाही घटकाभर बरं वाटलं, ती गलिच्छ पडवी एकदाची सुटली म्हणून.

वहिनीनं पाळकसाहेबांना दुसरी भाकरी वाढली आणि दादाला हळूच विचारलं, "मग मी वाचू कवा?"

"पहाटे उठावं," दादा कोरड्यास ओरपत म्हणाला. "मी नाही का उठत?"

त्याच्या आधी उठून ती दळते, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याला ते ठाऊक नव्हतं असं नाही. जात्याच्या आवाजावरच तर तो रोज जागा व्हायचा. असल्या माणसाच्या पाठीला पाठ लावून मी जन्मले, ह्याची मला त्या दिवशी किळस आली.

मी नगरला परत गेले ती नाताळलाच आले. नाताळच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब आणि त्यांच्याबरोबरची चार माणसं मुक्कामाला यायची होती. सकाळपासून करंज्यांचा घाट. वहिनी लाटत होती, मी भरत होते, आई चुलीपुढं. एकाएकी वहिनीनं लाटणं खाली ठेवलं, हात झटकले आणि म्हणाली, "आत्याबाई, मला कावळा शिवला."

आईचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडं बघवेना. महिनाभर गिळलेला अपमान तिनं एका वाक्यात बाहेर काढला. "बस बाई, जा, बस. माज्या घरात माजी रीत. पाळक आला आन् गेला." आणि लाटणं स्वतः उचललं. वहिनी फळीवरून आपलं शास्त्र घेऊन पडवीत गेली.

दादा अंगणात पाय आपटत राहिला. पाहुणे आले तेव्हा घरात फक्त आईच्या जाड भाकऱ्या आणि करपलेल्या करंज्या होत्या. दादा पाळकसाहेबांना म्हणाला, "आता तुम्हीच समजवा तिला. तुमचं ऐकेल." पाळकसाहेब कोट झटकून मागच्या अंगणात निघाले. दादा आणि मीही मागून गेलो.

ते गोठ्याच्या कोपऱ्याशी थांबले. तिथून पडवी आठ-दहा पावलं.

"दयाबाई, उठा. हे ख्रिस्ती घर आहे. तुम्ही अपवित्र नाही."

"उठते की जी," वहिनी आतून म्हणाली. "पर आदी आत या. एक इचारायचं हाय."

"विचारा."

"ईयोबाची लेकरं गेली तवा सगळी त्याच्याजवळ येऊन बसली. त्याच्या बायकूजवळ कोन बसलं?"

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. "तो… तो प्रश्न मोठा आहे. नंतर बोलू."

"या की आत. हितं लिवलंय ते दावते." तिनं उघडं शास्त्र दोन्ही हातांनी पुढं धरलं.

पाळकसाहेबांनी त्या शास्त्राकडं पाहिलं, मग गोणपाटाकडं, मग वाकळेकडं. आणि मी पाहिलं, त्यांनी कोटाची खालची कड हातात गोळा केली. एक पाऊल मागं घेतलं. तोंडावर तेच, बनुबाईच्या तोंडावरचं, फक्त नाकाला लावायला पदर नव्हता. गर्दीतली ती बाई, तो 'मुली' म्हणणारा प्रभू, सगळं महिनाभरापूर्वी ह्याच तोंडानं सांगितलं होतं.

ते वळले आणि दादाला म्हणाले, "असू द्या, मास्तर. नाजूक बाब आहे. त्या दिवसांत त्यांना कुणी त्रास देऊ नये."

दादानं मान हलवली. एवढ्यावर आमच्या घरातली सुधारणा संपली. सगळे ओसरीत जाऊन बसले आणि थोड्या वेळानं तिकडून नाताळचं गीत ऐकू यायला लागलं.

मी पडवीत शिरले. "पाहिलंत वहिनी? कसा पळाला! आणि तुम्हाला मात्र दर महिन्याला ह्या घाणीत—"

"हळू बोला," ती म्हणाली आणि वाचत होती ते पान चुकू नये म्हणून शास्त्रात बोट घातलं. मग इकडं-तिकडं बघून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "वन्सं, मला दुसरा महिना लागलाय."

"मग कावळा?" मी विचारलं.

"कुठला कावळा!" तिचं नाक फेंदारलं. "पोट दिसाया लागंस्तवर आनी एक-दोनदा बसता यील. मग हाय ते दोन वरीस चुलीपुढं. तेवढ्यात ईयोब उरकते. त्या बाईचं शेवटी काय झालं, तेवढं कळू दे मला."

मी नगरला ईयोबाचं पुस्तक परीक्षेसाठी वाचलं होतं. मला शेवट ठाऊक होता. ईयोबाला मेंढरं मिळतात, उंट मिळतात, पुन्हा दहा लेकरं होतात, मुलींची नावंसुद्धा लिहिलेली आहेत. ती लेकरं जिनं वाहिली, तिच्याबद्दल शेवटी एक अक्षर नाही.

"वन्सं, जरा बाजूला व्हा," वहिनी म्हणाली. "उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.