घोड्याच्या घरातलं प्यादं

वजीर मिळत असताना मी घोडा मागून घेतला. तोही भर स्पर्धेत, जिंकत आलेल्या डावात.

लढाईची वर्षं होती. नगरला, पाथर्डीहून निवृत्त झालेल्या एका मामलेदारांच्या ओट्यावर आम्ही रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायचो. चांगली खेळी दिसली की मामलेदार फक्त 'वा' म्हणत. दहा वर्षांत माझ्या वाट्याला एकही 'वा' आला नव्हता. तसा तो कुणालाच मिळत नसे, म्हणून मी सुखात होतो.

मग पाथर्डीहून आमच्या कचेरीत एक कारकून बदलून आला. इंग्रजी पुस्तकातून खेळ शिकलेला. आम्ही सगळे मधली प्यादी ढकलून डाव मांडायचो. हा कडेला घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचा, त्याच्यामागे उंट बसवायचा आणि तिथून तिरका सगळा पट राखायचा.

मी म्हटलं, "पाथर्डीला काय कडेकडेनेच चालतात?"

"मधून मामलेदारसाहेबांचा घोडा जायचा ना," तो म्हणाला.

"वा," मामलेदार म्हणाले. पहिल्याच दिवशी. मला जेवण गेलं नाही.

त्याचं अक्षर माझ्याहून वाईट होतं, एवढाच काय तो मला आधार. त्यामुळे स्पर्धेची नोटीस मीच लिहिली, चांगली वळणदार: डाव विलायती नियमांनी होतील, शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचं हवं ते मोहरं घ्यावं.

गाठ त्याच्याशीच पडली. पंच मामलेदार. मी गुपचूप घोटून ठेवलेली त्याचीच सुरुवात केली. तो नुसता हसला. पण डाव माझ्याकडे झुकत गेला, आणि शेवटी ते घोड्यापुढचं प्यादंच पलीकडे, घोड्याच्या घरात पोचलं. त्याच्याकडे राजा आणि दोन प्यादी उरली होती. मामलेदार खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या ओठांवर आलेला 'वा' मला दिसला.

आमच्या देशी खेळात प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं मिळतं. जन्माची सवय. मी ऐटीत म्हणालो, "घोडा द्या."

"नक्की ना?" त्याचा हात वजिराकडे गेला होता. मला वाटलं, घाबरला.

"घोडाच."

माझा घोडा एका प्याद्यामागे धावला, तोवर दुसऱ्याने जाऊन वजीर आणला. पाचव्या खेळीला माझ्यावर मात.

मामलेदारांनी भिंतीवरची नोटीस सावकाश वाचली.

"वा," ते म्हणाले. "घोडा मागून घेतलात ना? मग बसा त्याच्यावर आणि घरी जा."