एका ‘नाही’चा पुरावा

आमच्या आमदारांनी विधानसभेत कोणत्या बाजूने मत दिले, हे शोधण्यासाठी मी तीन रविवार खर्च केले आणि चौथ्या रविवारी स्वतःचे मत गमावून बसले.

हे काम रेजिनामामीने दिले होते. मामी आमच्याच मतदारसंघातल्या तारोडी गावात राहते. किनाऱ्यालगतच्या ज्या मोकळ्या जागेत ती आणि शेजारच्या बायका बोंबील वाळवतात, ती जागा सरकारला दुसऱ्याच कामासाठी घेता येईल, असे एक विधेयक मंजूर झाले होते. निवडणूक तोंडावर आली, तसे आमदार गावात येऊन सांगू लागले की, मी त्या विधेयकाला ‘नाही’ म्हणालो होतो. मामीचा मला फोन आला.

“तू सायन्स शिकलेली हाय ना गो बाय? मंग बघून सांग, तो खरा बोलतो का न्हाय. तू सांगशील तसा आमी गल्लीतल्या सगळ्या बायका मत देऊ.”

मी जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. परदेशात पीएच.डी.साठी अर्ज भरणाऱ्या मुलीवर अख्ख्या गल्लीने विश्वास टाकावा, हे मला अगदी रास्त वाटले. (नम्रता हा माझ्या अर्जातला कच्चा विभाग आहे.) मी विधानसभेच्या कामकाजाचे अहवाल उघडले. त्यात चर्चा होती, गोंधळ होता, कोणीतरी ऐकवलेला शेरही होता. मतदानाच्या जागी मात्र एकच ओळ: विधेयक आवाजी मतदानाने संमत. म्हणजे अध्यक्षांनी विचारायचे, काहींनी ‘होय’ ओरडायचे, काहींनी ‘नाही’, आणि ज्यांचा आवाज मोठा वाटेल ते जिंकले! नावे नाहीत, आकडे नाहीत. माझ्या प्रयोगशाळेत फ्रीजचे दार उघडले तरी वहीत नोंद होते; इथे मामीच्या किनाऱ्याचा निकाल कानाने लागला होता.

आमदारांच्या कार्यालयात फोन केला. उचलणाऱ्या गृहस्थांनी साहेब ‘नाही’च म्हणाल्याचे ठामपणे सांगितले. पुरावा मागितला, तर म्हणाले, “मॅडम, आवाजाची झेरॉक्स कुठून देऊ?”

पण नियम वाचताना मला हवे ते सापडले. आवाजावरून दिलेला निकाल ज्या सदस्याला मान्य नसेल, तो मतविभागणी मागू शकतो. मग प्रत्येकाचे नाव कागदावर येते. ती कोणीही मागितली नव्हती. ‘नाही’ म्हणणाऱ्या आमच्या आमदारांनीसुद्धा! माझा प्रश्न तयार झाला. तो इतका नेटका होता, की मी तो आरशासमोर दोनदा म्हणून पाहिला.

संधीही चालून आली. जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटसमोर आमदारांच्या कृपेने पेव्हर ब्लॉक बसत होते आणि त्यानिमित्त ते सभेला येणार होते. पप्पा सोसायटीचे सेक्रेटरी. माझा बेत कळताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“बाळ, ब्लॉक अर्धेच बसलेत.”

“पप्पा, मामीची जागा जाईल.”

“मामीची जागा गेली तर पुढे कधीतरी जाईल. उरलेले ब्लॉक उद्या जातील.”

अखेर तह झाला. मी एकच प्रश्न विचारायचा आणि बदल्यात सभेचे इतिवृत्त लिहून द्यायचे. (आमच्या इमारतीत हिंदी आणि गुजराती सगळ्यांना येते, मराठीत सलग पान लिहिणारी मी एकटीच.) मी आनंदाने कबूल झाले. आमदारांचे उत्तर माझ्याच हाताने कागदावर उतरणार होते. यापेक्षा पक्का पुरावा कोणता?

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी उभी राहून प्रश्न विचारला. आमदार हसले. “ताई, तुमच्या मामी त्या माझ्याही मामी,” म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हटले नाही.

“मग मतविभागणी का मागितली नाही?”

“मागणार होतो. पण सभागृहात वातावरण तसं नव्हतं.”

मी हे उत्तर लिहायला पेन टेकवते, तोच चेअरमन शाहकाका उठले आणि त्यांनी साहेबांच्या आभाराचा ठराव मांडला. “सबको मंजूर?” सगळे म्हणाले, मंजूर. मी ‘नाही’ म्हणाले. स्पष्टपणे म्हणाले, दोनदा म्हणाले. आणि दोन्ही वेळा टाळ्यांत बुडाले. हात वर करून मोजा, असे सांगायला मी अर्धी उठलेही होते. तेवढ्यात पप्पांनी माझ्याकडे पाहिले. शाहकाकांनी पाहिले. समोसे वाटणाऱ्या काकूंनीही पाहिले. खरे सांगते, वातावरण तसे नव्हते.

मी खाली बसले आणि लिहू लागले. ‘ठराव बहुमताने’ इथपर्यंत आले, तर पप्पा कानात पुटपुटले, “एका पोरीसाठी बहुमत कशाला?” मी ‘सर्वानुमते’ केले. पुढचा ‘व सहर्ष’ मात्र माझा स्वतःचा. तो कोणीही सांगितला नव्हता, वाक्याला लय हवी होती! माझ्या नेटक्या प्रश्नाचे इतिवृत्तात ‘उपस्थितांच्या शंकांचे समाधान करण्यात आले’ असे झाले. आमदारांनी पान वाचून “इतकं शुद्ध मराठी हल्ली कोण लिहितं?” असे म्हटले, तेव्हा मी लाजले. त्या लाजण्यातच सही केली आणि पुढे, कोणी विचारलेले नसताना, कंसात एम.एस्सी. लिहिले.

त्यांच्या कार्यकर्त्याने पानाचा फोटो काढला. मी लिफ्टने चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तो फोटो तारोडीला पोहोचला होता.

मामीचा फोन आला. आवाजात सुटकेचा आनंद होता. “बाय, कागद बघितला. तुजी सही हाय म्हंजी तू नीट तपासलाच असशील. आमचा ठरला, त्यालाच मत.”

मी घाईघाईने सगळे सांगितले. मी विरोध केला होता, मी ‘नाही’ म्हणाले होते, एकदा नव्हे दोनदा. फक्त ते कोणाला ऐकू गेले नाही.



“तोबी ह्याच सांगतो गो बाय,” मामी म्हणाली. “फकस्त त्याची कुठं सही न्हाय.”