हंगामाच्या सणाला, पण तळेगावात

संगमनेरच्या स्टँडवरून एसटी हलली तेव्हा माझ्या मांडीवर परसातला लाल भोपळा होता आणि मी लहान पोरीसारखी खिडकीला चिकटले होते. "आत्या, आमच्या हंगामाच्या सणाला यायचंच, आणि चांगलं आठवडाभर राहायचं," असं भाचीनं, म्हणजे सुवार्तानं, कुरुळीहून बजावलं होतं. आम्हा ख्रिस्ती लोकांत हंगामाचा सण म्हणजे नव्या पिकातला पहिला वाटा देवळात नेऊन वाहायचा दिवस. गावाकडे वेदीपुढं बाजरी, अंडी, कोंबड्या, उसाच्या मोळ्या यांची नुसती दाटी होते. चाकणच्या कारखान्यांत राबणारी माणसं काय वाहत असतील? नटबोल्ट?

राजगुरुनगरच्या अलीकडे ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि भोपळा मांडीवरून सुटून थेट त्याच्या पायाशी गडगडत गेला.

"मावशी, हे पाव्हणं कुठं उतरणार?" कंडक्टरने विचारलं.

"माझ्याबरोबर, कुरुळीला!" सगळी गाडी खदखदून हसली.

चाकण आलं आणि माझी मान दोन्हीकडे फिरून दुखायला लागली. नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले ट्रेलर, कंपन्यांच्या लांबच लांब भिंती, मध्येच एखादा कांद्याचा वाफा आणि त्यात वाकलेली बाई. कुरुळीत सुवार्ता आणि तिचा नवरा प्रेमानंद राहतात ती खोल्यांची रांग कमळाबाईंची. जुन्या शेतकरी घराण्यातली ही बाई. तिनेच वरचा हॉल यांच्या उपासनेला दिलेला.

"तुमी आत्याबाई व्हय?" तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उद्या गुरवार. सण उद्याच हाय."

सण गुरुवारी! या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, म्हणून यांची उपासनाही गुरुवारी. रविवारी देव इथं एकटाच असणार, असं मनात येऊन मला हसू आलं.

सकाळी मी नवी साडी नेसून तयार. वर हॉलमध्ये झेंडूच्या माळा, पेटीचे सूर, खाली पातेल्यात रस्सा रटरटतोय. आणि आमची सुवार्ता हेल्मेट शोधतेय! "आत्या, तू उपासनेला बस. मी तळेगावला दवाखान्यात जाऊन येते."

"आज? सणाच्या दिवशी?" मी खरंच चिडले. इतक्या लांबून मी आले ती काय भिंती बघायला?

"बाळाला काय माहीत आज सण आहे ते?" ती म्हणाली, आणि मग सगळं कळलं.

प्रेमानंदच्या कंपनीत बालाजी नावाचा लातूरकडचा तरुण कामाला आहे. त्याची बायको उज्ज्वला दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी अगदी एवढीशी. डॉक्टर म्हणाले, हिला माणसाच्या उघड्या छातीशी धरून बसा, अंगाची ऊब हेच हिचं औषध. पण ऑपरेशननंतर उज्ज्वलाला ताप भरलेला, तिला धरवेना. गावाकडून येणारं कोणी नाही. बालाजी धरून बसायचा, पण ठेकेदाराच्या माणसांना गुरुवारचीही सुट्टी नाही, आणि ठेकेदाराने दम दिलेला की आता एकही खाडा झाला तर कामावर येऊ नकोस. तेव्हा इथल्या मंडळीतल्या बायकांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या. कोणी पहिली शिफ्ट संपवून जाई, कोणी दुसरीला जायच्या आधी. बालाजी ख्रिस्ती नाही, आणि ते कोणाच्या डोक्यातही आलं नाही. गुरुवार सुवार्ताचा होता.

"मग मीही येते," म्हणत भोपळा प्रेमानंदच्या हाती दिला आणि स्कूटीवर मागे बसले.

कमळाबाई मऊ लुगड्याच्या घड्या घेऊन धावत आली. "ह्या घ्या पोरीला. यांचा देव काय सुट्टी देत न्हाई बघा, गुरवारीबी कामाला जुंपतोय!"

काय तो रस्ता! दोन ट्रेलरच्या मधून सुवार्ता स्कूटी अशी काढत होती की मी डोळे मिटावेत की बघावं, हेच ठरेना. म्हाळुंग्याजवळ सगळंच ठप्प झालं. बालाजीच्या शिफ्टची वेळ जवळ येत चाललेली. मी सरळ उतरले, पदर खोचला आणि स्कूटीच्या पुढे चालत ओरडायला लागले, "भाऊ, गाडी जरा मागं घ्या, दवाखान्यात बाळ आहे!" एका ड्रायव्हरने ट्रेलर रेटला, दुसऱ्याने आरसा मिटून घेतला, आणि आम्ही सुटलो. पुढे इंदोरीला इंद्रायणी दिसली, डोंगर जवळ आले. मला तर गावंसं वाटत होतं.

दवाखान्यात बालाजी खुर्चीत रेलून बसला होता, शर्टाची बटणं उघडी, छातीशी बांधलेलं गाठोडं, डोळे घड्याळाकडे. शेजारच्या खाटेवर उज्ज्वला. आम्हाला पाहून तो उठणार, एवढ्यात सुवार्ताला शिंका सुरू झाल्या. एकामागून एक, थांबेचनात.

"सर्दी आहे? मग बाळाजवळ जायचं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"धूळ आहे हो, सिस्टर."

"धूळ असो नाहीतर काही असो. बाळ लहान आहे."

बालाजी पुन्हा मागे रेलला. "राहू द्या ताई. आज खाडा करतो. काय व्हायचं ते होऊ द्या."

उज्ज्वलाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी म्हटलं, "मी धरते."

"तुमचं नातं?" सिस्टरांनी भुवया उंचावल्या. "मावशी म्हणू नका. इथं रोज नवी मावशी येते, एकीचं आडनाव दुसरीशी जुळत नाही."

"आजी," मी ठोकून दिलं.

कोपरापर्यंत हात धुवून घेतले, साडी उतरवून पुढून उघडा झगा चढवला आणि ते गाठोडं माझ्या छातीवर आलं. बालाजी पळत जिना उतरला. मी बिनलग्नाची बाई, सगळी नोकरी पोस्टात गेली. एवढा जीव कधी अंगाशी धरला नव्हता. तिचा श्वास माझ्या कातडीला लागत होता. मला इतका आनंद झाला आणि इतकी भीती वाटली, की काय करावं कळेना. सवयीने प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि दचकून उघडले. मी डोळे मिटले तर तिच्या श्वासाकडे कोण बघणार? मग उघड्या डोळ्यांनीच प्रार्थना केली, तिच्याकडे बघत.

"आज्जी," उज्ज्वलाने हळूच विचारलं, "हालायलीय का ओ?"

"हलतेय काय, लाथ मारली मला!"

ती हसली, आणि मग रडली. सण आटोपून बदलीला दुसरी बाई आली, माझं ताटही घेऊन आली, तरी बाळ सोडायला मी कुरकुरलेच. पुढे आठवडाभर रोज तळेगाव केलं.

गावी परतल्यावर सगळ्यांनी गराडा घातला. सण कसा झाला, पाळकांनी कशावर उपदेश केला, वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात भोपळा कितीला गेला? मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर देवळात छातीवर हात ठेवून मी माझा विश्वास बोलून दाखवला. ती छाती कामाला लागली तळेगावात.

घरात पाऊल टाकलं आणि फोन वाजला. उज्ज्वला होती.

"आज्जी, ताप गेला. आज सकाळपासनं मीच धरायलेय तिला. आता कुणी नाही आलं तरी भागतंय." मग तिने बाळाचा आवाज ऐकवला. "पण तुमी या."

पिशवी मी अजून रिकामीही केली नव्हती.